पंधराची थैली

दौलताबादच्या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या लागल्या की माझं डोकं फिरतं. बाकीच्यांना हे दिवस आवडतात. पाऊस उघडलेला असतो, दुपारचं ऊन चटका देतं पण संध्याकाळी पदर अंगावर ओढून घ्यावासा वाटतो, बायका दिवाळीच्या भाजणीचं बोलायला लागतात. मला मात्र दसरा उलटला की एक माणूस आठवतो आणि तोंडातल्या सीताफळाची चव जाते. तो माणूस मरून बरीच वर्षं झाली. मेलेल्यावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातंय.

काल सायली आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी. मी इथल्या कॉलेजात तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं, त्यातल्या शेवटच्या बॅचांमधली ही. आता हिरे शोधणाऱ्यांच्या कामात आहे, जुने अहवाल उकरून काढते आणि कुठं पुन्हा बघण्यासारखं आहे का ते तपासते. येताना पिशवीभर सीताफळं घेऊन आली. "मॅडम, एका अहवालात तुमचं नाव सापडलं," म्हणाली. "खाली बारीक अक्षरात आहे. दाणे निवडणारी मदतनीस म्हणून." मी म्हटलं, वाच पुढचं. तिनं वाचलं. त्यातलं एक वाक्य ऐकलं आणि हातातलं सीताफळ मी ताटात ठेवून दिलं. वाक्य काय होतं ते सांगते, पण आधी तो मोसम सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारीला एवढं काय झोंबलं.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पाळण्यात होते, म्हणजे त्या वर्षी तेवीसची. छावणीच्या कडेला, कर्णपुऱ्याच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर एक बैठा बंगला होता. त्यात एका सरकारी खात्यानं वाळूतले दाणे तपासायची खोली थाटली होती. खात्याचं नाव मी घेत नाही. नवरात्रात जत्रा भरायची तेव्हा पाळण्यांची करकर आणि पिपाण्या खिडकीतून आत यायच्या, आणि आम्ही सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसलेलो. खोलीत ब्रोमोफॉर्म नावाच्या जड द्रवाचा गोडसर, डोकं धरणारा वास. त्यात वाळू टाकली की हलकी वाळू वर तरंगते, जड दाणे खाली बसतात. ते खालचे दाणे वाळवून माझ्यासमोर यायचे. बारीक ब्रश घ्यायचा, टोक ओलं करायचं आणि एकेक दाणा उचलून बाजूला ठेवायचा. मला ही नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, "मग बीएस्सी कशाला केलं? तांदूळ तर तू घरीबी निवडत होतीस."

आईचं फार चुकलं नव्हतं. तांदूळ निवडणाऱ्या बाईला खडा दिसतो, कारण तिला तो खडा काढायचाच असतो. मला त्या राखाडी पसाऱ्यात रंग दिसायचे. हिरा शोधायचा तर हिरा शोधत बसायचं नसतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तो इतका विरळ की ओढ्याची वाळू चाळता चाळता जन्म जाईल. पण जमिनीच्या पोटातून तो वर येतो तेव्हा एकटा येत नाही. खूप खोलवरून दगडाची एक नळी फुटून वर आलेली असते, आणि तिच्यातून त्याच्याबरोबर दुसरे खडे मोप येतात. जांभळट लाल गार्नेट, गर्द हिरवं डायॉप्साइड, सीताफळाच्या बीसारखं काळं चकचकीत इल्मेनाइट. पाऊस ती नळी झिजवतो, दाणे ओढ्यात उतरतात. आपण ते सोबती गोळा करायचे, आणि ओढ्यानं वर वर जात ते कुठून येतात ते गाठायचं. गफूरचाचा हे एका दमात सांगायचे, "दुल्हा ढूंडना है तो बारात देखो, बेटी. बारात किधर उतरी वो देखो."

हे सगळं आमच्या पायाखाली नव्हतं, बरं का. मराठवाड्याच्या बुडाशी नुसता काळा फत्तर. अजिंठ्याला जाताना फर्दापूरला गारगोट्या विकणारे 'डायमंड, डायमंड' करत मागं लागतात, तेवढाच आमचा डायमंड. आमच्याकडं थैल्या यायच्या त्या रायचूरच्या बाजूनं, कृष्णाकाठून, जुन्या निजामी मुलखातून. उन्हाळ्यात तिकडचे ओढे आटले की कॅम्प लागायचा. एकेका ओढ्याला नंबर दिलेला, नकाशावर तो टाकलेला. तिथं वाळू एकदा धुऊन थैल्यांत भरायची, पावसाळाभर थैल्या बंगल्याच्या पडवीत पडून राहायच्या आणि नवरात्र लागलं की त्या सोडायच्या. हे काम औरंगाबादेतच का, तर दोन चांगले सूक्ष्मदर्शक इथल्या कॉलेजात होते आणि गफूरचाचा इथले होते. सायली संभाजीनगर म्हणते. माझ्या तोंडी जुनंच येतं.

गफूरचाचा न्यारिये. आपल्यात झारेकरी म्हणतात. सराफ्यातल्या सोनारांच्या दुकानापुढची धूळ झाडून न्यायची, लाकडी पाटीत धुवायची आणि तळाला राहिलेली सोन्याची कणी काढायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. कॅम्पवर आणि बंगल्यावर दोन्हीकडं धुलाई त्यांचीच. परसातल्या हौदापाशी उकिडवे बसून ते पाटी फिरवायचे. हाताला घाई म्हणून नसायची. पाणी काठावरून सांडतंय, त्याच्याबरोबर वाळू जातेय आणि पाटीच्या कडेला काजळाच्या रेघेएवढे जड दाणे उरतायत, असं मी तासन्‌तास बघितलंय. रेघेत जांभळा ठिपका दिसला की मला हाक मारायचे, "आव बेटी, मेहमान आये." मी ओल्या पदरानं धावत जायची.

थैलीला चिठ्ठीही तेच बांधायचे. बिडीच्या पुड्याचा पुठ्ठा, आणि त्यावर कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून काढलेला ओढ्याचा नंबर. ती पेन्सिल ओली झाली की जांभळी उमटते, त्यामुळं चाचांची जीभ कायम जांभळी. आकडा उर्दूत. निजामाच्या राज्यात दोन यत्ता शिकलेला माणूस, त्यांना तेवढेच आकडे येत होते. आमचे मुख्य चौबळसाहेब. त्यांनी पहिल्या दिवशी चिठ्ठी बघितली आणि म्हणाले, "हे काय किडेमुंग्या काढल्यात?" मग अशी पद्धत पडली, की चाचा चिठ्ठी हातात घेऊन मोठ्यानं वाचणार, "सात", "बारा", आणि साहेब रजिस्टरात मांडणार.

चौबळ पुण्याचे. हुशार होते, खोटं कशाला बोलू. दगडाचा पातळ काप डोळ्यासमोर धरून त्यातलं खनिज सांगायचे. पण त्यांचं वाक्य सुरू व्हायचं ते 'तुमच्या मराठवाड्यात' या दोन शब्दांनी. तुमच्या मराठवाड्यात चहा म्हणजे पाक, तुमच्या मराठवाड्यात दहा म्हणजे साडेअकरा, तुमच्या मराठवाड्यात जेवण लई तिखट. आणि हा 'लई' ते आमची नक्कल करून म्हणायचे. आम्ही हसायचो. साहेब बोलले की हसायचं असतं, हे आम्हाला निजामाच्या काळापासून पाठ. इथल्या कोरड्या हवेत त्यांचे ओठ फुटायचे, सारखं व्हॅसलिन लावायचे. ती डबी ध्यानात ठेवा.

किडेमुंग्या हा शब्द मला लागला तो अण्णांमुळं. माझे वडील निजामाच्या तहशिलीत होते, उर्दू लिहायचे तर बघत राहावं असं. राज्य गेलं ते बरंच झालं. रझाकारांच्या भीतीनं आईनं मला घेऊन कडब्याच्या गंजीआड दिवस काढले होते, तिच्यासमोर निजामाचं नाव काढायची सोय नव्हती. पण कचेरीचं दप्तर मराठीत आलं आणि अण्णांना चाळिशीत नव्यानं कागद लिहायला शिकावं लागलं. जन्मभर मराठी बोलले, पण कचेरीचा कागद मराठीत लिहायची वेळ कधी आली नव्हती. पोरसवदा कारकून त्यांच्या चुका काढायचे. घरी येऊन ते मला पाटीवर आकडे शिकवायचे, वरच्या ओळीत आपले, खालच्या ओळीत उर्दू. उर्दूतला एक म्हणजे नुसती उभी रेघ. पाच म्हणजे बसकं वाटोळं, घाईत काढलं की हुबेहूब आपलं शून्य. आणि उर्दूतलं शून्य म्हणजे ठिपका. मी दर वेळी पाचाला शून्य म्हणायची आणि अण्णा हसायचे, "अगं, पाच भाकरींना शून्य म्हणशील तर उपाशी मरशील."

कोजागरी झाली आणि चौबळना जड दाण्यांत एक हिऱ्याची कणी सापडली. खसखशीपेक्षा जरा मोठी. आम्ही सगळ्यांनी रांगेनं बघितली, चाचांनीही बघितली. हिरा पाण्यानं भिजत नाही, पण स्निग्ध पदार्थाला तो चिकटतो. म्हणून साहेबांनी काचेच्या पट्टीवर व्हॅसलिनचं बोट फिरवलं आणि त्यावर कणी ठेवली. दुपारी जेवून आलो तर पट्टी कोरी.

त्या वेळी आवारात एकटे चाचा होते, हौदापाशी. साहेबांनी त्यांना अंगणाच्या मधोमध उभं केलं. कोट काढायला लावला, टोपी काढायला लावली, पानाची चंची उलटी केली. मग म्हणाले, तोंड उघड. साठीच्या माणसानं तोंड उघडलं. साहेबांनी टॉर्च मारला आणि चिमट्यानं ती जांभळी जीभ वर उचलून खाली बघितलं. चूळ भरून परातीत थुंकायला लावली आणि ते पाणी फडक्यातून गाळलं. "झाडलोटीतलं सोनं दाबणारी जात ही," आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले. "हाताला सवय असते." आम्ही पाच जण उभे होतो. पाचातलं एकही माणूस बोललं नाही. मीपण नाही. चाचा एवढंच म्हणाले, "साब, पैंतीस साल सराफे में धूल धोया. किसी सुनार ने मेरे मुँह में हात नहीं डाला." मग टोपी झटकून घातली आणि गेले. पाटी तिथंच हौदावर पालथी राहिली, पुढं कितीतरी दिवस.

तिसऱ्या दिवशी मी टेबल आवरत होते. व्हॅसलिनची डबी उचलली तर झाकण हातातून निसटून उलटं पडलं. झाकणाच्या आत, पिवळट थरात, ती कणी. साहेबांनी ओठाला लावताना झाकण त्या काचेच्या पट्टीवर उपडं टाकलं असणार, आणि कणी झाकणाला चिकटून गेली. मी झाकण तसंच धरून त्यांच्यासमोर नेलं. त्यांचा चेहरा उतरला, पण पापणी लवायच्या आत पुन्हा चढला.

"वा. छान झालं," म्हणाले.

"चाचांना बोलावते."

"कशाला?"

"सांगायला. त्यांनी घेतली नव्हती म्हणून."

"गेला ना आता तो. मग कशाला उकरायचं?" त्यांनी चिमट्यानं कणी काढून घेतली. "आणि हे बघा, आज नाही तर उद्या त्यानं हात मारलाच असता."

त्या क्षणी मला वाटलं, या माणसाचं वाटोळं व्हावं. अगदी मनापासून वाटलं, देवासमोर उभं राहून मागावं तसं. आजवर मी कुणाचं इतकं वाईट चिंतलं नाही. आणि मला त्याची लाज नाही.

पंधराची थैली सुटली ती दिवाळीच्या तोंडावर. बाहेर कुणीतरी लवंग्या उडवत होतं. उरलेल्या वाळूची बारीक धुलाई आता एक नवा माणूस करत होता, पण कॅम्पवरची धुलाई आणि चिठ्ठ्या चाचांच्याच होत्या. भिंगाखाली ते दाणे आले आणि मी खुर्ची पुढं ओढली. जांभळी गार्नेटं, एक-दोन नव्हे, बरीच. आणि त्यांच्यावर साल होती. खालून येताना गार्नेटभोवती करड्या रंगाची पातळ साल तयार होते, ओढ्यातून थोडं जरी घरंगळलं तरी ती सोलून जाते. सोबत हिरवं डायॉप्साइडही होतं, आणि ते तर इतकं ठिसूळ की लांबचा प्रवास त्याला सोसत नाही. म्हणजे ही वरात लांबून आलेली नव्हती. मांडव तिथंच, हाकेच्या अंतरावर. मी उठून साहेबांना म्हटलं, "सर, साल शाबूत आहे. नळी याच ओढ्याच्या वरच्या अंगाला असणार, जवळच."

त्यांनी भिंगात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, तुमचं काम निवडायचं. अर्थ लावायला आम्ही आहोत." आणि माझ्यादेखत माझं वाक्य स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं, सालीसकट, खाली स्वतःची सही. मग चिठ्ठी हातात घेतली. वाचून दाखवायला चाचा नव्हते. उभी रेघ, तिच्या शेजारी बसकं वाटोळं. "दहा," साहेब म्हणाले आणि रजिस्टरात दहा मांडलं.

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, शब्द ओठावर आला होता. दहाची थैली तर आधीच होऊन गेली होती, ती चाचांनी स्वतः वाचली होती, तिच्यात काहीच निघालं नव्हतं. साहेबांनाही ते आठवलं. पण ते काय म्हणाले, तर "एकाच ओढ्याच्या दोन थैल्या. पहिलीतले दाणे म्हाताऱ्यानं धुण्यात घालवले असणार." मग माझ्याकडं वळले. "उभ्या का? निवडा."

मी निवडलं. गप्प बसायचं निवडलं. संध्याकाळी टेबल आवरताना ती चिठ्ठी पोलक्यात खोचून घरी आणली. पंधराची थैली आलीच नाही, म्हाताऱ्यानं कामचुकारपणा केला, अशी नोंद झाली, तीही मी खपवून घेतली. चाचांसाठी गप्प बसले असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर त्यातला अर्धा राग माझा होता. 'तुमचं काम निवडायचं' याचा. तो मी चाचांच्या नावावर खपवला.

त्या हिवाळ्यात चौबळनी दहा नंबरच्या ओढ्यावर खड्डे घेतले. मी इकडं बंगल्यात थैल्यांची वाट बघायची. थैल्या यायच्या, मी निवडायची, आणि एकही जांभळा दाणा निघायचा नाही. काय बरं वाटायचं म्हणून सांगू. पुढच्या सीताफळांत ते काळे पडून परत आले, दिल्लीहून कुणी मोठे साहेब आले, आणि "तुमची ती शाबूत सालीची गार्नेटं कुठं आहेत?" असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. चौबळनी ओठ चाटले. मी घरी जाऊन त्या रात्री तीन सीताफळं खाल्ली. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा तोच ओढा, आणखी वर, आणखी खोल, आणि पुन्हा काही नाही. भर दुष्काळात लोक खडी फोडत होते आणि हा माणूस भलत्या ओढ्यात हिरे खणत होता. शेवटी काम बंद पडलं, त्यांना कुठंतरी लांब टाकलं. निरोपाला मी हार आणला होता. झेंडूचा, जाडजूड. तो मी माझ्या हातानं घातला.

एवढ्यावर संपलं असतं तर मी सुखानं म्हातारी झाले असते. पण त्याच सुमारास पैठण गेटला भर बाजारात गफूरचाचा भेटले. एका सायकलवाल्याच्या ओट्यावर बसले होते. मला बघून उठले. घरचं विचारलं, अण्णांचं विचारलं. झडतीचा शब्द काढला नाही. मग हळूच म्हणाले, "बेटी, वो पंद्रह का क्या हुआ?"

"कोणत्या पंधराचं, चाचा?"

"मेरी थैली. पंद्रह नंबर नाला. छिलके के साथ थे बेटी, मैंने पाटी में देखे थे. उधरीच है बोलके मेरा दिल बोलता."

माझ्या जिभेवर आलं होतं. पण चाचांच्या पोटात गोष्ट राहत नसे. खुशीनं दुसऱ्याच दिवशी बंगल्यावर जाऊन सांगतील, खात्यातलं कुणीतरी चौबळला तार करील, तो परत येऊन पंधरावर कुदळ मारील आणि त्याच्या गळ्यात पुन्हा हार पडेल, या वेळी खरा. एवढा सगळा हिशोब मी तिथं उभ्या उभ्या केला. आणि म्हटलं, "काही नाही निघालं, चाचा. नजरचूक झाली असेल."

त्यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. तळवा वर करून, पाटी धरतात तसा. "हौ," म्हणाले. "उमर हो गई." मी रिक्षा केली आणि घरी आले. नंतर सराफ्यातल्या एका ओळखीच्या सोनारानं सांगितलं, गफूरनं धूळ धुणं सोडलं. हाताचा भरवसा राहिला नाही म्हणतो. दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी मातीला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते.

आता काल सायलीनं वाचलेलं वाक्य. अहवाल इंग्रजीत आहे, मराठीत ते असं होतं: दहा क्रमांकाच्या ओढ्यातले सालीसहितचे दाणे नैसर्गिक नसावेत, धुलाई कामगार गफूर यानं स्वतःचं काम दाखवण्यासाठी ते बाहेरून आणून थैलीत मिसळले असावेत, सदर इसमावर पूर्वी चोरीचाही संशय होता. खाली चौबळची सही. आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरात, दाणे निवडणारी मदतनीस म्हणून मी. जणू मीही तेच म्हणतेय.

मी चौबळला खड्ड्यात घालायला निघाले होते. तो त्या खड्ड्यात गफूरचाचाला लोटून स्वतः वर आला. आणि लोटायला जागा मी करून दिली होती. एक चोरीचा आळ त्यानं घातला, तो अंगणातल्या पाच माणसांपुरता होता. दुसरा माझ्या मौनातून जन्मला, तो छापून ठेवलाय. एवढी वर्षं ज्या कुणी ती फाइल उघडली त्यानं वाचलं, की गफूर नावाचा एक लबाड माणूस होता.

सायलीला मी सगळं सांगितलं, फक्त चिठ्ठीवरचा खरा आकडा सांगितला नाही. आत जाऊन मी माझ्या शिवणाच्या डब्यातून ती चिठ्ठी आणली. पुठ्ठा पिवळा पडलाय, पण आकडा अजून जांभळा आहे. तिच्या हातात ठेवली.

"वाच."

तिनं उजेडाकडं धरली. "दहा," म्हणाली.

शिकलेली पोर, सूक्ष्मदर्शकात जन्म गेलेली, आणि तीही तेच म्हणाली. मी कागद घेतला आणि तिला अण्णांसारख्या दोन ओळी काढून दाखवल्या, वर आपले आकडे, खाली उर्दू. पाच म्हणजे वाटोळं. शून्य म्हणजे ठिपका. ती एकदा कागदाकडं बघे, एकदा चिठ्ठीकडं. मग तिनं चिठ्ठीवरच्या वाटोळ्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, म्हणजे पंधरा नंबरवर कुणी कधी गेलंच नाही?"

"नाय."

"हे लिहायला पाहिजे." तिनं वही काढली. "पण लिहायचं तर तुम्ही गप्प बसलात हेपण लिहावं लागेल."

"लिही. पहिल्याच पानावर लिही. चौबळनं काय केलं ते, आणि मी काय केलं ते. त्याचं आधी लिही, त्याला मानाची सवय होती."

"त्यांच्या घरचे वाचतील, मॅडम. वाईट वाटेल त्यांना."

"गफूरचाचांच्या घरच्यांना विचारलं होतं का कुणी? वाचू दे की. त्यांनी वाचावं म्हणूनच तर लिहायचंय."

माझा राग निवला, असं कुणी समजू नये. पन्नास वर्षं मी त्याला गप्प बसून मारत होते, आणि तो त्या गप्प बसण्यावरच जगत होता. आता बोलून मारीन. त्यात मीही मरेन थोडी, ते मी धरूनच चाललेय. दाणे कुणी धुतले, कुणी निवडले, साल कुणी ओळखली आणि आकडा कुणी चुकीचा वाचला, चार ओळींचा मजकूर आहे. नळी निघो न निघो, त्या चार ओळी निघाल्या पाहिजेत.

सायली कागदपत्रं आवरायला लागली. मी तिच्या हातात पेन्सिल दिली. म्हटलं, काढ. तिनं उभी रेघ काढली, शेजारी वाटोळं काढलं. ते फार सुबक आलं. पुन्हा काढ, म्हटलं, चाचा घाईत काढायचे तसं. तिनं पुन्हा काढलं.

"आता वाच."

"पंधरा," ती पुटपुटली.

"तसं नाही. चाचा मोठ्यानं वाचायचे, लिहिणाऱ्याला ऐकू जाईल असं."

ती ताठ बसली, चिठ्ठी दोन्ही हातांत धरली आणि मोठ्यानं म्हणाली, "पंधरा."